तुम्ही विचारलंत म्हणून: जांभई देताना हात वर जातो, मग सांगितल्यावर का नाही?

"मॅडम, जांभई देताना यांचा हात वर जातो. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. मग आपण सांगतो तेव्हा का नाही उचलत?"

मी फिजिओथेरपीत आले तेव्हापासून अर्धांगवायू झालेल्या पेशंटच्या घरची माणसं मला हे विचारत आली आहेत. विचारताना आवाजात आधी आशा असते आणि तिच्या पाठोपाठ शंका, की हा माणूस मुद्दाम तर करत नाही ना? त्या शंकेपायीच हे सविस्तर लिहितेय.

पहिल्यांदा हे मी अगदी जवळून पाहिलं ते एका काकांच्या बाबतीत. मेंदूच्या डाव्या भागातला रक्तपुरवठा तुटून त्यांची उजवी बाजू गेली होती. आम्ही दोघं बराच वेळ एका अंगठ्यासाठी झटत होतो. काकांच्या कपाळावर घाम, मान ताठ, चांगल्या हाताची मूठ आवळलेली आणि उजवा हात चादरीवर होता तसाच. "थांबूया जरा," मी म्हटलं. ते मागे टेकले, मोठी जांभई आली, आणि तोच हात कोपरात वाकून सावकाश छातीपर्यंत चढला. बोटं आत वळलेली. जांभई ओसरली तसा हात पुन्हा चादरीवर पडला. काकू एकदम म्हणाल्या, "बघा, येतोय की! नुसता आळस करतात." काकांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

काका आळस करत नव्हते. मेंदूकडून हाताकडे एकच रस्ता येत नाही. त्यांचा एक रस्ता तुटला होता आणि दुसरे शाबूत होते.

तुटलेला रस्ता म्हणजे कॉर्टिकोस्पायनल ट्रॅक्ट. मेंदूच्या वरच्या थरातून, म्हणजे कॉर्टेक्समधून, प्रत्येक बाजूला साधारण 10 लाख तंतू निघतात. ते खाली येताना इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद जागेत दाटीवाटीने गोळा होतात. म्हणून तिथे लहानशी इजा झाली तरी हात, पाय आणि चेहरा एकदम जातो. काकांचं नुकसान नेमकं तिथेच होतं. पुढे मेड्युलाच्या, म्हणजे लंबमज्जेच्या, तळाशी यातले 85 ते 90 टक्के तंतू बाजू बदलतात आणि मज्जारज्जूत उतरतात. डाव्या मेंदूला मार बसला की उजवं अंग का जातं, याचं उत्तर या ओलांडणीत आहे. फ्रेंच सर्जन पुरफूर द्यु पेती यांनी डोक्याला जखमा झालेल्या सैनिकांवरून 1710 मध्येच हे लिहून ठेवलं होतं.

या रस्त्याची खासियत बोटांत दिसते. माणसात आणि माकडांत यातले काही तंतू मधे कुठेही न थांबता थेट हाताच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतात. शर्टाचं बटण लावताना अंगठा आणि तर्जनी आपापलं काम करतात आणि बाकीची बोटं बाजूला राहतात, ते या तंतूंच्या जोरावर.

दुसरे रस्ते जुने आहेत. ते मेंदूच्या देठातून, ब्रेनस्टेममधून, निघतात. व्हेस्टिब्युलोस्पायनल हा आतल्या कानातल्या तोलाच्या यंत्रणेशी जोडलेला, आपल्याला पडू न देणारा. टेक्टोस्पायनल मानेपुरता. रुब्रोस्पायनल माणसात अगदीच बारीक उरलाय. आणि रेटिक्युलोस्पायनल, जो मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण दिवसभर तो आपल्या नकळत राबत असतो. आत्ता उभे राहा आणि एक हात झटकन पुढे उचला. खांद्याचा स्नायू आवळण्याच्या आधीच पाठीचे आणि मांडीमागचे स्नायू आवळलेले असतात, नाहीतर हाताच्या वजनाने तुम्ही पुढे झुकला असता. तुम्ही हुकूम फक्त हाताला दिला होता. पाठीची तजवीज मुख्यतः या जुन्या रस्त्याने केली.

1968 मध्ये लॉरेन्स आणि कायपर्स यांनी माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांनी कॉर्टिकोस्पायनल रस्ता लंबमज्जेत दोन्हीकडून तोडला होता. प्राण्यांवरचा असा प्रयोग वाचताना मला आजही अवघडायला होतं, पण त्यात दिसलेलं विसरता येत नाही. ती माकडं सावरल्यावर उभी राहिली, चालली, पिंजऱ्यावर चढलीसुद्धा. गेलं ते बोटांचं सुटं काम. लहान खळग्यातला खाऊ चिमटीने काढणं त्यांना जमेना, सगळा पंजाच एकदम मिटायचा. आणि एकदा पकडलेला तुकडा सोडताना हात अडायचा, पण चढताना पिंजऱ्याची सळई तोच हात सहज सोडायचा. त्याच स्नायूंना एका रस्त्याने आलेला निरोप पोचत होता, दुसऱ्याने यायचा तो येतच नव्हता.

काकांच्या जांभईतही तेच. जांभई ठरवून येत नाही. तिची यंत्रणा ब्रेनस्टेममध्ये आहे आणि तिथला निरोप जुन्या वाटांनी खाली जातो. एरवी कॉर्टेक्सचा या वाटांवर लगाम असतो, म्हणून आपले हात जांभईसोबत असे आपसूक चढत नाहीत. कॅप्सूलमध्ये तो लगामही तुटतो. सांगून हसायला लावलं तर तोंड एका बाजूला ओढलं जातं आणि नातवाला पाहून खरं हसू आलं की दोन्ही गाल सारखे वर जातात, असेही पेशंट मी पाहिलेत. तिथेही ठरवून केलेल्या हालचालीची वाट आणि भावनेतून येणारीची वाट वेगळी.

मग हे सुधारणेचं लक्षण आहे का, असा पुढचा प्रश्न येतोच. खरं सांगायचं तर जांभईवरून मी काहीच भाकीत करत नाही. सुरुवातीच्या 2-3 दिवसांत सांगितल्यावर बोटं थोडी जरी उघडली आणि खांदा बाजूला उचलला गेला, तर मला खूप बरं वाटतं, कारण कॉर्टिकोस्पायनल रस्त्याचे काही तंतू वाचल्याची ती खूण आहे. जांभईतून एवढंच कळतं की मज्जारज्जूतल्या पेशी, नसा आणि स्नायू जागेवर आहेत. मज्जासंस्थेचा अभ्यास करणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ शेरिंग्टन ज्याला शेवटची सामायिक वाट म्हणत, ती शिल्लक आहे. वरून येणारा एक निरोप तेवढा पोचत नाहीये.

काही आठवड्यांनी कोपर आत ओढला जातो, मूठ घट्ट होते, तेव्हाही याच जुन्या वाटांचा बेलगाम जोर त्यामागे असतो. कृपा करून ती बोटं हिसका देऊन उघडू नका. आधी मनगट आत वाकवा, मग बोटं आपोआप सैल पडतात.

काकूंना मी हे सगळं त्याच संध्याकाळी कागदावर दोन रेघा काढून समजावलं होतं. एक रेघ मधेच तोडली, दुसरी खालपर्यंत नेली. त्या बराच वेळ कागद बघत राहिल्या. "म्हणजे यांना ऐकू येतं, करायचंही असतं, फक्त हातापर्यंत जात नाही," त्या म्हणाल्या. दोन दिवसांनी मी खोलीत गेले तेव्हा काकांना पुन्हा जांभई आली. हात वर चढला. काकूंनी काहीच म्हटलं नाही. जांभई संपायच्या आत त्यांनी त्या हाताखाली आपला तळवा धरला आणि तो अलगद चादरीवर ठेवला.