तुम्ही विचारलेत म्हणून: थेल्मा रिटरच का?

जुन्या हॉलिवुडचा विषय निघाला की मी नायिका सोडून मोलकरणी रंगवणाऱ्या थेल्मा रिटरकडेच का वळते, हे मला इतक्यांनी विचारले आहे की आता एकदा लेखीच उत्तर देते. ऑस्करची सहा नामांकने मिळूनही हात रिकामेच राहिलेल्या बाईची मला कणव येते, असे तुम्ही परस्पर ठरवून टाकता. ते मला मान्य नाही. पंचेचाळिशीत, १९४७ साली, श्रेयनामावलीत नावही नसलेल्या भूमिकेतून पडद्यावर आलेली ही ब्रुकलिनची अभिनेत्री पुढे दोन दशके काम करत होती आणि १९५८ साली तिने रंगभूमीचा टोनी पुरस्कारही मिळवला. यात कीव करण्यासारखे काय आहे?

'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (१९५३) मधली तिची मो वरकरणी टाय विकते, पण पोट भरते ते पोलिसांना खबर विकून. आणि बेवारसांच्या दफनभूमीत जाण्याची वेळ येऊ नये म्हणून स्वतःच्या दफनासाठी पैसे साठवते. ज्या पाकीटमाराचे नाव तिने पोलिसांना आणि पत्ता एका मुलीला विकलेला असतो, त्याच्याच मागावर असलेला कम्युनिस्टांचा हस्तक रात्री पिस्तूल घेऊन तिच्या खोलीत येतो. दिवसभर पायपीट करून आलेली मो ग्रामोफोनवर तबकडी लावून पलंगावर टेकलेली आहे. या वेळी ती पत्ता विकत नाही. मात्र रिटर इथे शौर्याचा आव आणत नाही. ती फक्त दमलेली दिसते, इतकी की मारलेस तर उपकारच होतील, हे ती अगदी सहज बोलून जाते. कॅमेरा सरकत ग्रामोफोनकडे जातो आणि गोळीचा नुसता आवाज येतो.

ती एकाच साच्यातली कामे करत राहिली, हा तुमचा आक्षेप मात्र खोडता येत नाही. 'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०) मधली तिची बर्डी, म्हणजे एका बड्या नटीची मदतनीस, चाहती म्हणून त्या नटीच्या घरात शिरलेल्या ईव्हचे ढोंग सर्वांआधी ओळखते आणि पुढे चित्रपटातून नाहीशीच होते. हा तिच्यावरचा अन्याय आहे, असे मी पूर्वी तावातावाने मांडत असे. आता वाटते, जागा अपुरी होती म्हणूनच तिला ती धार आली असेल. पण हेही मनाला पुरते पटत नाही, कारण हे म्हणजे स्टुडिओंचीच वकिली झाली. बरे, 'द मेटिंग सीझन' (१९५१) तर बराचसा तिच्याच खांद्यावर उभा आहे, तरी नामांकन मिळाले ते साहाय्यक अभिनेत्रीचेच; आणि खरे सांगायचे तर, तिथे मोकळे रान मिळूनही ती मला मोइतकी भिडत नाही.