ब्लेंडरमध्ये वीज पाडताना: 'ब्लूम' गेला कुठं?

थ्रीडी चित्रं आणि ॲनिमेशन करायच्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरची 4.2 किंवा त्याच्या पुढची आवृत्ती वापरत असाल आणि समोरचा धडा 'रेंडर प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ब्लूमवर टिक करा' असं सांगत असेल, तर तो तिथंच सोडा. तेजस्वी गोष्टीभोवती उजेडाचं वलय पसरवणाऱ्या त्या ब्लूमची टिक आता तिथं नाही. हे एक वाक्य कुणी वेळेवर सांगितलं असतं तर श्रावणातली माझी कितीतरी जागरणं वाचली असती.

काम होतं बेळगावातल्या एका गणेशोत्सव मंडळाच्या देखाव्याचं. पुढं टोपलीत बाळकृष्णाला घेऊन यमुना ओलांडणारा वसुदेव, मागं एलईडी पडद्यावर ढग, पाऊस आणि कडाडणारी वीज. ढग आणि पाऊस बिनबोभाट झाले.

विजेचा आकारही जमला. जिओमेट्री नोड्समध्ये (ठोकळे एकमेकांना जोडून आकार घडवायची ब्लेंडरमधली सोय) कर्व्ह लाइन घ्यायची, रिसॅम्पल कर्व्हनं तिचे भरपूर बिंदू करायचे, सेट पोझिशनला नॉइज टेक्स्चर जोडायचं आणि शेवटी कर्व्ह टू मेश. नॉइजचे आकडे साधारण 0 ते 1 मध्ये फिरतात, त्यामुळं त्यातून 0.5 वजा करा, नाहीतर अख्खी वीज एका बाजूला सरकते. मग मटेरियलला एमिशन, म्हणजे स्वतःचा उजेड, दिलं की झालं, असं सगळे धडे म्हणतात.

पण झालं नाही. काळ्या आभाळात एक पांढरी, सपाट, वाकडी रेघ दिसत होती. मंडळाचा एक कार्यकर्ता बघायला आला आणि म्हणाला, "दादा, ट्यूबलाइट वाकवल्यासारखी दिसायलीय की ओ." त्याचं बरोबरच होतं.

एमिशनची स्ट्रेंग्थ 10 वरून 50, 50 वरून 100 केली. रेघ तेवढीच राहिली, उलट होती ती निळसर झाकही गेली. याची दोन कारणं आहेत. पडद्यावरचा ठिपका पांढऱ्याहून पांढरा होऊच शकत नाही. खऱ्या विजेभोवती आपल्याला जे तेजाचं वलय दिसतं ते डोळ्यात आणि कॅमेऱ्याच्या भिंगात उजेड पसरल्यामुळं, आणि तो पसरण्याचा भाग सॉफ्टवेअरमध्ये वेगळा घालावा लागतो. दुसरं म्हणजे 4.0 पासून ब्लेंडरमध्ये रंगांची मांडणी आपोआप 'एजीएक्स'वर असते, आणि ती फार तेजस्वी रंगाला मुद्दाम पांढऱ्याकडं नेते. म्हणजे स्ट्रेंग्थ वाढवत बसणं हा उपाय नव्हेच.

उजेड पसरवण्याचं काम ईव्हीमध्ये, म्हणजे ब्लेंडरच्या झटपट रेंडर करणाऱ्या इंजिनात, पूर्वी तो ब्लूम करायचा. एकामागून एक व्हिडिओ पाहिले, प्रत्येकात शिकवणारा उजवीकडच्या पट्टीत टिक मारतो आणि वीज झळाळून उठते. माझ्या पट्टीत ते नावच नाही. ग्राफिक कार्डचा दोष असेल म्हणून ड्रायव्हर बदलला, ब्लेंडर काढून पुन्हा टाकलं. एकाही व्हिडिओत सुरुवातीला आवृत्ती सांगितलेली नव्हती, आणि माझा खरा राग याच गोष्टीवर आहे. शिकवणाऱ्यानं पहिल्या वाक्यात आकडा सांगावा, एवढीच अपेक्षा. उत्तर मिळालं ते 4.2 च्या अधिकृत बदलांच्या नोंदींत. जुलै 2024 मध्ये आलेल्या त्या आवृत्तीत ईव्ही नव्यानं लिहिलं गेलं, तेव्हा ब्लूमची टिक काढली आणि ते काम कंपोझिटरकडं, म्हणजे तयार चित्रावर नंतर संस्कार करणाऱ्या भागाकडं, दिलं.

तर 4.2 मध्ये असं करा. वर कंपोझिटिंगच्या टॅबवर जा, 'यूज नोड्स' चालू करा, रेंडर लेयर्स आणि कंपोझिट यांच्या मध्ये ग्लेअर नोड टाका आणि त्याचा प्रकार 'ब्लूम' निवडा. एवढं करूनही थ्रीडी खिडकीत काही बदललं नाही, तेव्हा मी टेबलावर हात आपटला. तिथं आणखी एक कुलूप असतं. वर उजव्या कोपऱ्यात शेडिंगच्या गोल चिन्हांशेजारी खाली जाणारा बाण आहे, त्यात कंपोझिटर 'डिसेबल्ड' असतो. तो 'ऑलवेज' करा आणि रेंडर्ड व्ह्यू ठेवा. विजेभोवती तेज पसरलेलं दिसलं तेव्हा रात्री उशिरा घरच्यांना उठवून दाखवलं.

लगेच यमुनेचं पाणीही चमकायला लागलं. त्यासाठी ग्लेअरमधला थ्रेशोल्ड वाढवा. त्या आकड्याच्या वरचं तेज असलेले ठिपकेच पसरतात, म्हणून पाण्याची चमक त्याच्या खाली आणि वीज वर राहील असा आकडा शोधायचा. निळी झाक परत हवी असेल तर एमिशनची स्ट्रेंग्थ उतरवा. गाभा पांढरा आणि वलय निळसर हेच खरं दिसतं.

सायकल्स हे ब्लेंडरचं दुसरं रेंडर इंजिन वापरणाऱ्यांनाही हाच ग्लेअर चालतो.

आता वेळेचं. मे महिन्यात वळीव आला तेव्हा मी गच्चीवरून यळ्ळूरच्या राजहंसगडाच्या दिशेला स्लो मोशनमध्ये फोन धरला होता, ते शूटिंग इथं कामाला आलं. आपल्याला एकच वाटणारी वीज बहुतेक वेळा त्याच वाटेनं तीन-चार वेळा उतरते, मध्ये साधारण 40 ते 50 मिलिसेकंद जातात. फाटे पहिल्या वेळी उजळतात, नंतर बहुधा मुख्य वाटच लखलखते. सेकंदाला 25 फ्रेम असतील तर एक फ्रेम 40 मिलिसेकंदांची, म्हणजे एक फ्रेम चालू, एक बंद एवढं पुरतं. कीफ्रेम (कोणत्या फ्रेमला वीज चालू किंवा बंद हे ठरवणाऱ्या खुणा) निवडून टी दाबा आणि 'कॉन्स्टंट' करा, नाहीतर वीज हळूहळू विझत जाते. मंडपात लहान मुलं आणि म्हातारी माणसं असतात, आणि मोठ्या पडद्यावर सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट फेफऱ्याचा त्रास असलेल्यांना घातक ठरू शकतो. त्यामुळं मी दोनच लखलखाट ठेवले आणि पुढच्या विजेआधी चांगली उसंत दिली.

आकाराबद्दल एक राहिलं. एलईडी पडद्याचे ठिपके मोठे असतात, संगणकावर सुरेख दिसणारी बारीक वीज तिथं तुटक दिसते. जाडी वाढवूनच द्या. आणि रेंडर थेट व्हिडिओत काढू नका, पीएनजी चित्रांत काढा. पावसाळ्यात मध्येच लाइट गेली तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढं चालू करता येतं.

आवाज वीज दिसल्याबरोबर हवा असा मंडळाचा आग्रह होता. मी ऐकलं नाही. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, म्हणजे कडकडाट 25 फ्रेम मागं ठेवला की वीज यमुनेच्या पल्याड, साधारण एक तृतीयांश किलोमीटरवर पडल्यासारखी वाटते. जवळची हवी असेल तर दहा-बारा फ्रेम ठेवा, पण एकाच फ्रेमवर दोन्ही नको.