सेल्फ घेत नाही, नुसतं टक वाजतं

जूनमध्ये ट्रॅक्टरचा सेल्फ, म्हणजे इंजिन फिरवून चालू करणारी मोटर, घेत नाही असा फोन आला की मी हातातलं काम बाजूला ठेवतो. आमच्या औसा-निलंगा भागात सगळा खेळ सोयाबीनचा, ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नये म्हणतात आणि तेवढा पाऊस होऊन वापसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, आला की मग कोणी कोणासाठी थांबत नाही, कारण काळ्या रानात परत एक सर आली की चिखल आणि ऊन लागलं की ओल गेली. त्या दिवशी फोन तात्यांचा, "मिस्त्री, नवा सेल्फच घेऊन या बरं, वापसा चाललाय." पेरणी यंत्र जोडलेलं, बियाणं बांधावर उतरवलेलं आणि जुना ३५ एचपीचा ट्रॅक्टर रानाच्या तोंडाला बंद पडलेला.

नवीन सेल्फ काय मी नेला नाही, मीटर आणि जंपर केबल नेली. कारण तात्यांनी आधीच बॅटरी नवी आणि मोठी टाकली होती, नंतर एका दुकानात सेल्फ खोलून आतले झिजणारे कार्बन आणि बुश बदलले, फिरणारं आर्मेचर चेक करून घेतलं, तरी दुखणं तेच. कधी एका चावीत लागायचा, कधी कितीही फिरवा नुसतं टक. त्यातही रानात हादरे खाऊन आला की हमखास अडायचा, म्हणून तात्या तो बंदच करत नव्हते, भाकरी खायला बसले तरी बांधावर इंजिन चालूच, डिझेल जळतंय ते वेगळं.

पोचलो तर त्यांचा धाकटा पोरगा पुढच्या आणि मागच्या चाकाच्या मधे उभा राहून सोलेनॉइडच्या, म्हणजे चावी फिरवली की सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, दोन बोल्टवर पान्हा टेकवून ठिणग्या पाडतोय. लांबूनच ओरडलो मी त्याला. गावोगाव हे चालतं आणि मला हे बघवत नाही, गिअर पडलेला असला तर इंजिन लागल्या लागल्या ट्रॅक्टर जागचा हलतो आणि मागचं चाक सरळ माणसावर येतं, सरकायला वेळच मिळत नाही, माणसं गेलीत अशी. नव्या ट्रॅक्टरला क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रल असल्याशिवाय सेल्फ लागू नये म्हणून सेफ्टी स्विच असतो, पण पान्ह्यानं शॉर्ट केलं की तो स्विच असून नसल्यासारखा. पान्हा काढून घेतला, न्यूट्रल केला, ब्रेक लॉक, चाकाला दगड, आणि पोराला म्हणलं तू वर सीटवर बस, मी सांगेन तेव्हाच चावी फिरव.

आता टक मध्ये पण फरक असतो. भराभर टकटकटकटक वाजलं तर बॅटरी उतरलेली असण्याचाच जास्त संभव, सोलेनॉइड धरतो आणि सोडतो, धरतो आणि सोडतो. इथं एकच जोरात टक आणि मग काही नाही, म्हणजे सोलेनॉइड ओढतोय पण मोटर फिरायला लागणारा करंट मिळत नाही. मीटर लावला, बॅटरी १२.६ व्होल्ट, एकदम टाईट. चावी फिरवायला लावली तर साडेअकराच्या आसपास थांबली. इथंच मला वाटलं की सेल्फला हात लावायचं काम नाही. सेल्फ जाम असता किंवा आत शॉर्ट असता तर त्यानं बॅटरीला ओढून नऊच्या खाली नेलं असतं, चांगला फिरत असता तरी साडेदहापर्यंत आली असती. बॅटरी दमत नाही आणि सेल्फ फिरत नाही याचा अर्थ करंट वाटेतच अडतोय. तात्यांना मी सांगितलं, विहिरीत पाणी आहे, मोटर पण चांगली आहे, पाईप कुठंतरी चेपलाय.

पाईप शोधायचा म्हणजे व्होल्टेज ड्रॉप, वाटेत कुठं किती व्होल्ट पडतात ते, बघायचा, आणि तो चावी फिरवलेली असतानाच दिसतो, नुसता वायरीवर मीटर लावून काही कळत नाही. प्लसच्या बाजूला अर्धा व्होल्टसुद्धा पडत नव्हता. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या बोल्टमध्ये तर नावाला, म्हणजे आतले तांब्याचे कॉन्टॅक्ट पण जळलेले नाहीत. मग एक पिन बॅटरीच्या मायनसच्या लेडवर आणि दुसरी सेल्फच्या बॉडीवर, चावी फिरवली, आणि मीटरवर ७ व्होल्ट. जिथं पाव व्होल्टच्या वर जायला नको तिथं सात! साडेअकरातले सात अर्थमध्येच, म्हणजे बॅटरीच्या मायनसकडं परत जायच्या वाटेतच, मरत होते, मग सेल्फ फिरणार कशावर.

तेवढ्यात तात्या म्हणाले, चावी मारली की ही इंजिन बंद करायची स्टॉपची केबल गरम होते बघा, मागं एकदा धूर पण आला होता. मी हात लावला, खरंच चटका. हे त्यांनी आधी कोणाला सांगितलं नव्हतं कारण सेल्फचा आणि स्टॉपच्या केबलचा काय संबंध असं सगळ्यांनाच वाटतं. करंटला बॅटरीच्या मायनसकडं परत जायला नीट वाट मिळाली नाही की तो सापडेल त्या लोखंडातून जातो, इथं त्याला इंजिनवरून डॅशबोर्डच्या पत्र्यावर जायला ती बारीक केबल सापडली होती.

एक पिन मायनसवर तशीच ठेवून दुसरी पुढं पुढं सरकवत गेलो. मायनसवरून निघणाऱ्या अर्थच्या पट्टीच्या टोकापर्यंत काहीच ड्रॉप नाही, बॅटरीच्या डब्याच्या ब्रॅकेटवर पण नाही, गिअरबॉक्सच्या बॉडीवर टेकवली की सात. तेव्हा सगळं लक्षात आलं. मोठी बॅटरी बसावी म्हणून वेल्डिंगवाल्याकडून नवा डबा करून फूटबोर्डच्या बाजूला लावला होता, जुनी पट्टी गिअरबॉक्सच्या बोल्टपर्यंत पुरेना म्हणून ती डब्याच्या ब्रॅकेटलाच कसली, फूटबोर्डखाली रबर, आणि दसऱ्याला सगळ्या ट्रॅक्टरला नवा रंग मारलेला, बोल्टांच्या खालीसुद्धा रंगच. बाहेरून बघाल तर पट्टी नवीकोरी, बोल्ट टाईट, कोणालाही शंका येणार नाही.

जंपर केबलचं एक टोक मायनसला आणि दुसरं सरळ सेल्फच्या बॉडीला पकडलं. "फिरव." एका झटक्यात लागला. पोरगा वर बसून ओरडायलाच लागला.

मग पक्कं काम. गाडीत ५० स्क्वेअर एमएमची वेल्डिंग केबल होती, ती दोन्हीकडं लग (बोल्टला बसणारी भोकाची टोकं) दाबून मायनसवरून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टवर नेली, तिथला रंग पॉलिश पेपरनं घासून लोखंड चकचकीत केलं, स्प्रिंग वॉशर टाकून कसलं आणि वरून व्हॅसलीन. आधी कसायचं, मग व्हॅसलीन, उलटं नाही. परत मीटर लावला, अर्थचा ड्रॉप ०.२, फिरताना बॅटरी १०.६. स्टॉपची केबल आतून करपलेली होती, ती पण बदला म्हणून सांगितलं, नाहीतर ऐनवेळी इंजिन बंद होणार नाही.

निघताना जुनी बॅटरी विचारली तर गोठ्यात पडलेली, भंगारवाल्याला द्यायची ठेवलेली. ती आणायला लावली, घरी नेऊन सावकाश चार्ज केली, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या एका ट्रॅक्टरवर लावून सेल्फ मारून बघितला, दहाच्या खाली गेली नाही. तात्यांना फोन करून सांगितलं भंगारात घालू नका, भावाच्या ट्रॅक्टरला बसेल.