बोटांतला जडपणा आणि रात्रीचा अडकणारा श्वास

अमळनेरला मी 26 वर्षे शिवणकाम करतो. पाय पायडलवर आणि हात कापडावर, यांचा मेळ इतका बसलेला असतो की पायाकडे वेगळे लक्ष द्यावे लागत नाही. दोन वर्षांपूर्वी हा मेळ बिघडू लागला. मुंढ्याच्या, म्हणजे बाही जोडायच्या जागेच्या, वळणावर पाय क्षणभर उशिरा थांबे आणि टाके रेषेबाहेर जात. काज करताना बोटे जड वाटत. सुईत दोरा ओवायला चार-चार वेळा प्रयत्न करावा लागे. चष्मा बदलून पाहिला. मग मानेचा दोष ठरला आणि पट्टा लावण्यात तीन महिने गेले. झोपेविषयी कोणी विचारले नाही आणि मलाही ते सांगावेसे वाटले नाही, कारण घोरणाऱ्याला गाढ झोप लागते असाच आपल्याकडे समज आहे.

पत्नी मात्र म्हणत असे, "अहो, घोरता घोरता तुम्ही एकदम गप्प होता आणि मग दचकून श्वास घेता. मला झोप लागत नाही." तिने मोबाइलवर केलेले चित्रण घेऊन आम्ही जळगावला छातीच्या डॉक्टरांकडे गेलो. डोक्याला, हनुवटीला, पायांना तारा, छाती-पोटाला पट्टे आणि बोटाला चिमटा लावून रात्रभर तपासणी झाली. तासाला सरासरी 38 वेळा माझा श्वास थांबत होता किंवा अपुरा पडत होता. झोपेत श्वास अडकण्याच्या या दोषाला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि 30 च्या वर तो तीव्र मानतात.

डॉक्टरांनी समजावले की झोपेत घशाचे स्नायू सैल पडून श्वासमार्ग मिटतो, रक्तातला ऑक्सिजन उतरतो आणि तो मार्ग उघडण्यासाठी मेंदू दर वेळी अर्धवट जागा होतो, ज्याची आपल्याला आठवणही राहत नाही. अशा तुटक झोपेमुळे लक्ष आणि प्रतिसाद मंदावतात, हातापायांचा मेळ ढळू शकतो आणि हाताची नवी सवयही नीट मुरत नाही. हात अवघडण्याचे कारण प्रत्येक वेळी हेच नसते, म्हणून त्यांनी नसांचीही तपासणी करून घेतली.

उपचार सीपॅप यंत्राचा होता: नाकावरच्या मास्कमधून हवेचा दाब देऊन श्वासमार्ग उघडा ठेवायचा. सुरुवात मे महिन्यात झाली. खानदेशातल्या उकाड्यात घामाने मास्क सरके, हवा गळे, तोंड कोरडे पडे; वीज गेली की यंत्र थांबे आणि मी धडपडून उठे. पहिल्या आठवड्यात तीन रात्री मी मास्क काढूनच ठेवला होता. लहान मापाचा मास्क, हवेला ओलावा देणारे भांडे आणि इन्व्हर्टर आल्यावर कुठे ते जमू लागले.

दिवसाची पेंग दोन आठवड्यांत कमी झाली. तोपर्यंत डॉक्टरांच्या सांगण्यावरून मोटारसायकल बंद ठेवली होती, आणि ते योग्यच होते. पाय महिनाभरात वेळेवर थांबू लागला. काजाला मात्र तीन महिने लागले, आणि पूर्वीचा वेग अजून आलेला नाही.

मागच्या लग्नसराईत चोपड्याला यंत्र नेले नाही. दोन रात्री तशाच काढल्या आणि परतल्यावर मुंढ्याचे टाके पुन्हा रेषेबाहेर गेले. ते उसवून पुन्हा घातले. आता गावाला निघताना यंत्राची पिशवी आधी भरतो.