विषाणू सापडला, पण कोणत्या पेशीत?

मानेत गाठ आली म्हणून तपासण्या सुरू होतात आणि त्यात एक कागद येतो: ‘ईबीव्ही आयजीजी पॉझिटिव्ह’. घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं, एपस्टाइन-बार विषाणू (ईबीव्ही) आणि लिम्फोमा (लसीका ग्रंथींचा कॅन्सर) ही नावं एकाच ओळीत दिसतात, आणि जळगाव-धुळ्याकडच्या त्या घरात रात्रीचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरत नाही. खरं तर कॅन्सर आहे की नाही हे ठरवायला या कागदाचा काडीचा उपयोग नाही. आयजीजी म्हणजे हा विषाणू कधीतरी शरीरात आल्याची खूण असलेली अँटिबॉडी, आणि जगातल्या ९० टक्क्यांहून जास्त प्रौढांमध्ये ती असते. आपल्याकडे बहुतेकांना हा विषाणू लहानपणीच लाळेतून मिळतो, साध्या तापासारखा येऊन जातो आणि पुढे बी-लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींमध्ये जन्मभर मुक्काम ठोकतो.

ईबीव्ही हर्पिस कुळातला. माणसात वस्ती करणारे या कुळातले विषाणू नऊ. कांजिण्या आणि नागीण एकाच्याच, तापानंतर ओठावर येणारे फोड दुसऱ्याचे. दडून बसणं हा सगळ्यांचाच स्वभाव. पण कॅन्सरशी थेट संबंध पक्का झालाय तो दोघांचा: ईबीव्ही आणि १९९४ साली युआन चँग व पॅट्रिक मूर यांनी शोधलेला आठव्या क्रमांकाचा, म्हणजे कापोसी सार्कोमा या कॅन्सरचा विषाणू. या क्षेत्रातल्या संशोधकाची उभी हयात एका प्रश्नात जाते: विषाणू कॅन्सरच्या पेशीत आहे, की तिच्या शेजारच्या निरोगी पेशीत?

ईबीव्हीचा शोधही गाठीतल्या पेशींतूनच लागला. युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या सर्जननी मुलांच्या जबड्यातल्या गाठींबद्दल १९६१ साली लंडनमध्ये व्याख्यान दिलं. श्रोत्यांत संशोधक अँथनी एपस्टाइन होते. त्यानंतर कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले आणि दोनेक वर्षं हाती काहीच लागलं नाही. डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान मँचेस्टरला उतरवावं लागलं. सँपल उशिरा पोचलं तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालं होतं. दुसऱ्या कुणी जंतुसंसर्ग समजून ते ओतून दिलं असतं. एपस्टाइन यांनी थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर गाठीतून सुटलेल्या जिवंत पेशी तरंगत होत्या. म्हणजे या पेशी काचेला न चिकटता, तरंगत वाढवायच्या. तशा वाढवल्यावर फेब्रुवारी १९६४ मध्ये इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये हर्पिससारखा विषाणू दिसला. शोधनिबंधावर एपस्टाइन, बर्ट अचाँग आणि यव्हॉन बार ही तिघांची नावं होती. विषाणूच्या नावात अचाँग यांना जागा मिळाली नाही.

पुढचा टप्पा फिलाडेल्फियातल्या वेर्नर आणि गेर्ट्रूड हेन्ले या दाम्पत्याचा. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या एका तंत्रज्ञ तरुणीच्या रक्तात या विषाणूची अँटिबॉडी नव्हती. ती मोनोन्यूक्लिओसिसने, म्हणजे ताप, घसादुखी आणि मानेतल्या गाठींच्या आजाराने, आजारी पडली आणि त्यानंतर अँटिबॉडी दिसू लागली. आजाराआधीचं सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) जपून ठेवलेलं होतं म्हणूनच हा संबंध १९६८ मध्ये मांडता आला. संशोधनात फ्रीझरची नीट लिहिलेली वही ही महागड्या यंत्राइतकीच कामाची असते, हे माझं ठाम मत आहे.

आता गाठीतला विषाणू शोधायचा कसा? तुकड्याचं नुसतं पीसीआर (विषाणूचं डीएनए शोधणारी तपासणी) केलं तर फसगत होते. हॉजकिन लिम्फोमाच्या गाठीत खऱ्या कॅन्सरच्या पेशी साधारण शंभरात एखादीच; बाकीच्या साध्या लिम्फोसाइट. त्यातल्या एखादीत जुना विषाणू असला तरी पीसीआर पॉझिटिव्ह येतं. म्हणून ‘ईबर’ नावाची तपासणी प्रमाण मानतात. दडलेल्या विषाणूच्या दोन छोट्या आरएनएच्या लाखो प्रती एकेका पेशीत असतात. मेणात बसवलेल्या तुकड्याचा ३ ते ४ मायक्रॉनचा काप काचेवर घ्यायचा, मेण काढायचं, एन्झाइमने पेशी थोड्या मोकळ्या करायच्या आणि त्या आरएनएला जुळून चिकटणारा, रंगाने दिसणारा प्रोब लावायचा. मोठ्या, विचित्र पेशींच्या केंद्रकात रंग आला तर ईबर पॉझिटिव्ह. फक्त पेशीद्रवात रंग असेल तर धरायचा नाही. एखाद-दुसऱ्या छोट्या लिम्फोसाइटमध्ये दिसला तर तो वाटसरू.

यातली मोठी चूक खोट्या निगेटिव्हची. आरएनए नाजूक असतं. घामेजल्या बोटांवरच्या एन्झाइमनेही तुटतं. म्हणून सोबत पेशीच्या स्वतःच्या आरएनएसाठी दुसरा प्रोब लावतात. तोही रंगला नाही, तर उत्तर ‘निगेटिव्ह’ नसतं, ‘वाचता येत नाही’ असं असतं. रिपोर्टमध्ये या दुसऱ्या प्रोबचा, म्हणजे कंट्रोलचा, उल्लेख आहे का, हे डॉक्टरांनी पाहिलंच पाहिजे.

आणि आरएनए बहुतेकदा बिघडतं ते मुंबईच्या लॅबमध्ये नाही, तुकडा काढतो त्या इथेच. ऑपरेशन थिएटरमधल्या बरणीत तुकडा टिकवायचं ४० टक्क्यांचं फॉर्मॅलिन नळाच्या पाण्यात अंदाजाने मिसळलेलं असतं. बफर नसल्यामुळे ते हळूहळू आम्ल होतं आणि आरएनएचे तुकडे पडतात. एक लिटर बफर्ड फॉर्मॅलिन बनवायला मोठी कसरत नाही: ४० टक्के फॉर्मॅल्डिहाइड १०० मि.ली., डिस्टिल्ड वॉटर ९०० मि.ली., सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट मोनोहायड्रेट ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम हायड्रोजन फॉस्फेट ६.५ ग्रॅम. तुकड्याच्या दहापट द्रव हवा. फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मि.मी. आत शिरतं, त्यामुळे अख्खी गाठ तशीच बुडवली तर मधला भाग सडतो, ३-४ मि.मी.च्या चकत्या कराव्यात. साधारण २४ तास पुरे, ७२ च्या पुढे नको.

आपल्या भागात मानेची गाठ म्हटलं की आधी टीबीच आठवतो, आणि ते चूकही नाही. पण त्यासाठीच गाठीचा एक तुकडा फॉर्मॅलिनमध्ये न घालता निर्जंतुक सलाइनमध्ये वेगळा द्यायचा, सीबीनॅट (टीबीची जनुकीय तपासणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) यांसाठी. फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग कल्चर होत नाही. नुसत्या सुईच्या तपासणीवर लिम्फोमाचा प्रकार ठरवू नये. शक्य असेल तर पूर्ण गाठ काढावी. बायोप्सीआधी स्टेरॉइड तर अजिबात नको, लिम्फोमाच्या पेशी विरघळतात आणि पुढे कुणालाच काही सांगता येत नाही. बोन मॅरोचा तुकडा मऊ करायला तीव्र आम्ल वापरलं की ईबर गेलं. ईडीटीए या सौम्य रसायनाला वेळ लागतो, पण आरएनए टिकतं.

खानदेशातला मे महिना हा वेगळाच विषय. ब्लॉकचं, म्हणजे तुकडा बसवलेल्या ठोकळ्याचं, मेण ५६ ते ६० अंशांना वितळतं. बाहेर ४४ अंश असताना उन्हातल्या बंद गाडीच्या डॅशबोर्डवर तेवढं तापमान सहज होतं. ब्लॉक हातातल्या पिशवीत न्यावा, सावलीत. न रंगवलेल्या स्लाइड पाठवण्यापेक्षा ब्लॉकच पाठवावा, कारण कापलेल्या स्लाइडवरचं आरएनए जुनं होत जातं.

उपचारादरम्यान रक्तातलं ईबीव्ही डीएनए मोजायचं असेल तर जांभळ्या टोपणाची ईडीटीए ट्यूब; हेपॅरिन पीसीआरला अडवतं. प्लाझ्मा इथल्याच लॅबमध्ये २४ तासांच्या आत वेगळा करावा आणि गोठवून, ड्राय आइसमध्ये पाठवावा. अख्खं रक्त गोठवलं किंवा रात्रीच्या गाडीत गरमीत हिंदकळत गेलं, तर बी-पेशी फुटतात, त्यांच्यातलं डीएनए प्लाझ्मात मिसळतं आणि आकडा फुगतो. आकडा आंतरराष्ट्रीय युनिटमध्ये मागावा आणि उपचारादरम्यान लॅब बदलू नये. दुप्पट झाला म्हणून घाबरायचं कारण नसतं. तिपटीहून जास्त फरक असेल तर तो खरा मानायचा.

‘मग ॲसायक्लोविर हे हर्पिसवरचं औषध का देत नाहीत?’ हा रास्त प्रश्न. ते औषध विषाणू स्वतःच्या एन्झाइमने प्रती काढत असतानाच चालतं. कॅन्सरच्या पेशीत विषाणू बहुतेक झोपलेला असतो. पेशी दुभंगते तेव्हा पेशीच्याच यंत्रणेने त्याचीही प्रत निघते. औषधाला पकडायला काही सापडत नाही.

हे काम करिअर म्हणून करायचं असेल तर दोन वाटा. एक एमबीबीएसनंतर पॅथॉलॉजीत एमडी आणि पुढे रक्तविकारांची पॅथॉलॉजी. दुसरी जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठातून किंवा आणखी कुठून लाइफ सायन्सेसमध्ये एमएस्सी, मग नेट-जेआरएफ (संशोधनाची पाठ्यवृत्ती देणारी परीक्षा) आणि पीएचडी. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला महिना ३७,००० आणि सीनियर झाल्यावर ४२,००० रुपये, घरभाडं वेगळं. जवळच्या संस्था म्हणजे खारघरचं ॲक्ट्रेक (टाटा मेमोरियलचं कॅन्सर संशोधन केंद्र), पुण्यातली राष्ट्रीय विषाणू संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र.

पहिला धडा बहुधा पेशी अमर करण्याचा, म्हणजे प्रयोगशाळेत न थांबता वाढत राहतील अशा करण्याचा असतो. १० मि.ली. रक्तातून फायकॉल या दाट द्रवावर लिम्फोसाइट वेगळ्या करायच्या, बी-९५-८ या मार्मोसेट माकडाच्या पेशींतून आलेला ईबीव्ही ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून त्यात मिसळायचा आणि ३७ अंशांना वाढवायच्या. टी-पेशींना आवरणारं सायक्लोस्पोरिन घालायचं विसरलं तर दात्याच्याच टी-पेशी सगळं मारून टाकतात, कारण दाता या विषाणूला आधीपासून ओळखत असतो. सगळं नीट झालं तर एक-दोन आठवड्यांत पेशींचे पुंजके दिसतात. इथे बी-पेशींची वाढ विषाणूनेच सुरू करून दिलेली असते. हातमोजे आणि सेफ्टी कॅबिनेट सक्तीचं, स्वतःचं रक्त या कामाला कधीच नाही: अमर झालेल्या आपल्याच पेशी चुकून टोचल्या गेल्या तर शरीर त्यांना परकं मानणार नाही. आणि मायकोप्लाझ्माची चाचणी ठरावीक दिवसांनी करायचीच. तो जंतू माध्यम गढूळ करत नाही, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाही आणि महिन्यांचे निष्कर्ष वाया जातात.

लॅब निवडताना गाइडच्या शोधनिबंधांच्या यादीआधी एक गोष्ट विचारा: तुमच्याकडे जपलेल्या ब्लॉकसोबत रुग्णाचं पुढे काय झालं याची नोंद आहे का?