वहीत सहा ते आठ

मार्च लागला की नगरपरिषदेत दोनच गोष्टींचा घोर असतो, वसुली आणि तक्ते. वसुलीची ओरड बाहेरही ऐकू जाते. तक्ते म्हणजे एसएलबी, सेवास्तर मानकं. २००८ साली केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने त्याची पुस्तिका काढली. पाणी, मलनिस्सारण, घनकचरा आणि पावसाळी गटारं मिळून २८ निर्देशक. ही पुस्तिका कपाटातून बाहेर निघाली ती तेराव्या वित्त आयोगामुळे. पुढच्या वर्षी कुठल्या सेवेत कुठवर जाणार, ते ३१ मार्चच्या आत राजपत्रात छापा, नाहीतर कामगिरी अनुदान विसरा, अशी त्यांची अट होती.

पाण्याचे ९ निर्देशक माझ्याकडे. माणशी १३५ लिटर, बेहिशेबी पाणी २० टक्के, पुरवठा २४ तास, असे आकडे पुस्तिकेत मानक म्हणून छापलेले. आपण आपला आकडा शेजारी लिहायचा. २४ तासांत ८० टक्के तक्रारी सुटाव्यात हेही त्यातलंच एक. त्यात आम्ही कायम मानकाच्या वर, कारण आमच्याकडे तक्रार सुटली की मगच रजिस्टरला चढायची.

पुरवठ्याच्या तासांपुढे मी दरवर्षी लिहायचो २. जिल्ह्याच्या आढावा बैठकीत सगळ्या नगरपरिषदांचे आकडे एकाखाली एक पडद्यावर आले, तेव्हा शेजारच्या गावाने लिहिलं होतं पाऊण तास. त्यांच्या अभियंत्याला उभं करून झाडलं. आमच्या मुख्याधिकाऱ्यांकडे बघून मात्र साहेब हसले. चहाला तो माझ्या शेजारी आला आणि म्हणाला, ‘‘आमचं दाब मोजायचं गेज नळाला असतं. तुमचं कशाला असतं?’’

आमच्याकडे गेजच नव्हतं.

चौथ्या दिवशी पहाटे साडेपाचला गेज घेऊन वरच्या आळीत गेलो. आमची उंच टाकी बाजारपेठेजवळ आहे आणि वरची आळी हे त्या लाईनचं शेपूट, तेही चढावर. शेवटच्या घरातल्या आजींना विचारून त्यांच्या नळाला टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड बसवला, त्यावर गेज. पुस्तिका सांगते की दाबाने येणारं पाणीच मोजायचं, करंगळीएवढी धार धरायची नाही. बैठ्या घराला निदान ७ मीटर दाब लागतो, म्हणजे गेजवर ०.७.

सहाला टाकीखालून व्हॉल्व्ह सोडणाऱ्या वॉलमन मामांचा फोन आला, ‘‘उघडला साहेब, पूर्ण.’’ आमच्या इथे नळ फुसफुसत होता. लाईनमधली हवा. या रस्त्यावरचा एअर व्हॉल्व्ह कधीचा डांबराखाली गेलाय, त्यामुळे अख्ख्या लाईनची हवा बाहेर पडायची ती आजींच्या नळातून. सहा पस्तीसला गढूळ थुंकी आली, मग धार. काटा ०.७ ला टेकला तेव्हा सात वाजून पाच मिनिटं झाली होती. मला वाटलं, चला, निदान पाऊण तास तरी. साडेसातला खालच्या गल्लीत मोटरी सुरू झाल्या. थेट लाईनला मोटर लावायला बंदी आहे हे तिथल्या प्रत्येकाला माहीत आहे, आमच्या कर्मचाऱ्यांनाही आहे, त्यातल्या काहींच्या घरीही आहे. काटा बघता बघता शून्यावर आला आणि नळाने हवा उलटी ओढायला सुरुवात केली.

दोन तासांतली पंचवीस मिनिटं.

आजी एवढा वेळ कळशा भरत होत्या. आकडा ऐकून त्या म्हणाल्या, ‘‘आज बरं होतं की.’’ मी म्हटलं, कशावरून? त्यांनी भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे हात केला. दुधाच्या लिटराशेजारी प्रत्येक चौकोनात पेन्सिलीने एक आकडा होता, किती कळशा भरल्या त्याचा. ९, ११, ९, ७. मध्ये तीन चौकोन मोकळे. ‘‘पाणी आलं नव्हतं?’’ ‘‘आलंही असेल बाबा, मी लेकीकडे गेले होते.’’

ऑफिसात येऊन मामांची वही काढली. तारीख, उघडण्याची वेळ, बंद करण्याची वेळ. रोज सहा ते आठ, एकाच शाईत. वर्षभरात एक रिकामी ओळ नाही. पावसाळ्यात जॅकवेलचं, म्हणजे पाणी उपसायच्या विहिरीवरचं पॅनल जळून गाव दोन दिवस कोरडं होतं, त्या दोन दिवशीही सहा ते आठ. मी मामांना बोलावून चांगला तापलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘‘साहेब, टाकीत पाणी नव्हतं, पण व्हॉल्व्ह मी उघडला होता. वहीत व्हॉल्व्हचं लिहायचं का नळाचं, ते मला कुणी सांगितलं?’’

कुणीच नव्हतं सांगितलं. खाली दर महिन्याला सही माझी.

पुढचे सात दिवस सगळ्या झोनमध्ये गेज फिरवलं. सरासरी आली एक तास पाच मिनिटं. मुख्याधिकारी आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. ‘‘खरं आहे ते लिहा. पण यंदाच का?’’ तक्त्यात प्रत्येक आकड्यापुढे तो किती भरवशाचा, याची प्रतही लिहायची असते. ती आमची तळातून वर गेली. आकडा निम्म्यावर आला. आढाव्यात पडद्यावर प्रत दाखवतच नाहीत. आमची ओळ लाल झाली, पुढे ‘घसरण’, आणि यंदा उभं राहण्याची पाळी माझी होती. शेजारगावचा अभियंता पुढच्याच रांगेत होता. वळून बघितलं नाही त्याने, एवढे उपकार.

तिथेच कुणीतरी कऱ्हाडजवळच्या मलकापूरचं नाव काढलं, काढतातच. मीटर लावून चोवीस तास पाणी. आम्ही सगळे बसने जाऊन बघून आलोय, आणि परतीच्या बसमध्ये ‘लहान गाव आहे, जमतं’ म्हणून मोकळे झालोय.

मग डांबर फोडून एअर व्हॉल्व्ह शोधला, वरच्या आळीला वेगळा व्हॉल्व्ह टाकला आणि पहाटे पाचला तिचं पाणी आधी सोडायला लागलो. खालच्या गल्लीचा अर्धा तास त्यासाठी कापला. तिथले नगरसेवक माझ्या टेबलावर रिकामी बादली ठेवून गेले, दोन दिवस ती तिथेच होती.

पुढच्या मार्चला सरासरी आली एक तास दहा मिनिटं. वर वाढलं ते खाली घटलं, त्यामुळे वर्षभराच्या मारामारीची तक्त्यात दिसली पाच मिनिटं. कोणत्या घराला किती, असा रकाना त्या तक्त्यात नाही. शेरा लिहायला जागा असते तिथे दोन ओळी लिहिल्या. कुणी वाचल्या असतील असं वाटत नाही.

तक्ता पाठवून वरच्या आळीत गेलो. दिनदर्शिका नवी होती. १६, १६, १५, १६, आणि मग एक आडवी रेघ. मी घाबरून विचारलं, काय झालं?

‘‘भांडी भरली सगळी,’’ आजी म्हणाल्या. ‘‘आता मोजून काय करू?’’