वेचेलो माल

जूनमध्ये कॉलेज सुरू झाले तेव्हा मी बडोद्यात रावपुऱ्यातील एका दुकानातून १,१५० रुपयांना सॅक घेतली. पाचव्या दिवशी कलाभवनाच्या जिन्यावर तिचा उजवा पट्टा शिवणीतून निघाला. आत दोन वह्या, जेवणाचा डबा आणि पाण्याची बाटली एवढेच ओझे होते.

काउंटरवरच्या मुलाने सॅककडे न पाहता बिलाच्या तळाशी बोट ठेवले. तेथे गुजरातीत छापले होते : ‘वेचेलो माल पाछो लेवामां आवशे नहीं,’ म्हणजे विकलेला माल परत घेतला जाणार नाही. (आमची आजी दांडिया बाजारात साठ वर्षे काढूनही ‘वेचेलो’ म्हणजे वेचून घेतलेला, असे गमतीने म्हणते, आणि तसा मी तो माल खरोखरच दहा सॅकमधून वेचून घेतला होता.) मी हटलो नाही तेव्हा त्याने क्रेडिट नोट पुढे केली, तीही तीन महिन्यांत त्याच दुकानात वापरायची.

माझेही एक चुकले. ग्राहकाला कोणतीही वस्तू परत करण्याचा हक्क असतो, असे मी त्या दिवशी ठणकावून सांगितले, ते खरे नव्हते. रंग आवडला नाही किंवा तीच वस्तू शेजारी स्वस्त मिळाली, अशा कारणासाठी माल परत घ्यायचा की नाही हे दुकानदाराच्या मर्जीवर असते. सदोष वस्तूची गोष्ट मात्र निराळी आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा सांगितल्या आहेत, आणि विकलेली सदोष वस्तू बिलावर दिलेल्या मुदतीत, किंवा मुदत दिलेलीच नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे देण्यास नकार देणे ही त्यांपैकी एक आहे. माझ्या बिलावर मुदत नव्हती, नुसता नकार होता, आणि नकारालाच मुदत समजावे असे त्या कलमात मला कोठेही दिसले नाही. क्रेडिट नोटेने पैसे परत केल्यासारखे होत नाही, हेही मला तेव्हाच उमगले.

बाबा म्हणाले, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदव. काकांचा कल थेट जिल्हा ग्राहक आयोगाकडे होता, कारण दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही. मी आधी एक पानी अर्ज लिहिला, वर्गातल्या गुजराती मैत्रिणीकडून त्यातील ऱ्हस्व-दीर्घ तपासून घेतले, बिलाची झेरॉक्स जोडली आणि बाराव्या दिवशी पुन्हा दुकानात गेलो.

त्या दिवशी गल्ल्यावर मालक स्वतः होते. त्यांनी अर्ज सावकाश वाचला, सॅक मांडीवर घेतली आणि तुटलेल्या पट्ट्याऐवजी शाबूत असलेला डावा पट्टा ओढून पाहिला. दोन टाके टचकन उसवले. मुलाकडे एक नजर टाकून ते मला म्हणाले, “बेसो, बेटा.”

पैसे रोख मिळाले. वेगळी पावती न करता त्यांनी मूळ बिलावरच ‘परत’ असे लिहिले आणि माझी सही मागितली. कागदावर जागा उरली नव्हती, त्यामुळे सही त्या छापील ओळीवरूनच करावी लागली.